ठराव सर्वानुमते मंजूर

अल कुसैस,
२१ सप्टेंबर २०२५

प्रल्हाद,

'चि.' लिहून खोडलं. व्हॉट्सॲपवर तू निळी टिक करून गप्प बसतोस, म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो मेल करते आहे. वाचलंच नाही म्हणायची सोय नको.

काल रंभाबेनचा मेल आला. तुमच्या लेस्टरच्या वाचनालयाची सेक्रेटरी म्हणून तिनं रीतसर पोच पाठवली होती. तुमचा प्रॉक्सी फॉर्म मिळाला, ठरावाच्या बाजूनं एक मत नोंदवलं, धन्यवाद. आणि खाली तिच्या भाषेत एक ओळ: "लतिकाबेन, तमे पण?"

मी पण म्हणजे? मी काय केलं? गणपतीच्या आधी तुझा फोन आला. "ताई, सभेला कोरमच होत नाही गं. फॉर्मवर फक्त सही करून स्कॅन पाठव, बाकीचं मी भरतो." मी केली सही. 'बाजूनं' आणि 'विरोधात' या दोन्ही चौकटी कोऱ्या होत्या, तारीखही कोरी. बावीस वर्षं इथे दुबईत, देऱ्याच्या ऑफिसात मी शिपिंगचे कागद बघते. कोऱ्या फॉर्मवर सही मागायला कुणी आलं तर शेजारच्या ऑफिसात ऐकू जाईल असं झापते त्याला. आणि तुझ्या फॉर्मवर डोळे मिटून केली. का, तर घरचा माणूस.

आता ठराव वाचला. सहकारी संस्था मोडायची, तिची प्रायव्हेट कंपनी करायची, इमारत बिल्डरला द्यायची, वर फ्लॅट आणि खाली 'कम्युनिटी स्पेस'. किती फुटांची, ते सतरा पानांत कुठेही नाही. असली ब्रोशरं दुबईत रोज दाराखालून सरकवतात रे, मला नको शिकवूस.

सहा वर्षांपूर्वी तुमच्या कौन्सिलनं पैसे नाहीत म्हणून ते वाचनालय बंद करायला काढलं, तेव्हा आजूबाजूच्या लोकांनी पन्नास-पन्नास पौंडांचे शेअर घेऊन ते विकत घेतलं. कितीही शेअर घ्या, माणशी मत एकच. तेव्हा तू नुसता इंजिनिअर होतास. माइक धरून रडला होतास. त्या रडण्यावर आधी चेअरमन झालास, मग कौन्सिलर.

आणि शुभ्रा? तिच्या आजारपणात मी तीन महिने तुझ्या घरी होते. केमोच्या दुसऱ्या दिवशी तुझी बायको दुसरीकडे कुठे जायला तयार नसायची, तिथल्या हीटरजवळच्या खुर्चीतच बसायची. रंभाबेन तिला खिचडीवरचं पाणी चमच्यानं पाजायची. ती खुर्चीसुद्धा विकणार आहेस का?

सभा १८ ऑक्टोबरला, शनिवारी दुपारी दोनला. त्या दिवशी धनत्रयोदशी आहे. त्या दुपारी निम्मे सभासद सोन्याच्या दुकानात असणार, हे तुला ठाऊक नव्हतं? शिसारी येते मला.

माझ्या फॉर्मवरची चौकट कोणी भरली, एवढंच कळव.

ताई

&nbsp;

अल कुसैस,
२८ सप्टेंबर २०२५

प्रल्हाद,

तुझी सात मिनिटांची व्हॉइस नोट ऐकली. राजन शेजारी चहा पीत बसले होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "तुझा भाऊ आता मराठीसुद्धा प्रेस रिलीजसारखं बोलतो." मला हसू आलं नाही.

चौकट तूच भरलीस म्हणे, कारण "ताई, तू माझ्या विरोधात थोडीच जाणार होतीस". म्हणजे माझं मत काय असणार ते तुला माझ्याआधी कळलं. बरं झालं बाबा, मला विचार करायचे कष्ट वाचले.

मग म्हणतोस, दुबईत बसून मी उंटावरून शेळ्या हाकते. हाकते म्हण हवं तर. पण पुढचं तुझं म्हणणं मी नीट ऐकलं, खोटं बोलणार नाही. छप्पर गळतंय. हीटिंगचं बिल परवडत नाही. वाचनालयात तरुण कुणी येत नाही, रंभाबेन सत्त्याहत्तरची झाली, आणि "खिचडीनं छप्पर दुरुस्त होत नाही, ताई". हे खरं असेल. असेलच. मग हेच सभेत उभं राहून सांग ना! लोकांच्या तोंडावर सांग, भांडण होऊ दे, हात वर करू दे. त्यासाठी दिवाळीचा मुहूर्त आणि कोऱ्या सह्या कशाला लागतात?

काल श्रियानं तुझा व्हिडिओ दाखवला. कोट, छातीवर बॅज, मागे मोठा पडदा. तुमच्या सरकारनं सहकारी क्षेत्र दुप्पट करायचा शब्द दिलाय, त्याच्या कुठल्याशा सल्लागार गटात तू आहेस. टाळ्या काय, माना डोलावणं काय. तू म्हणालास, सहकार माझ्या रक्तात आहे, माझे वडील इंडियात एका को-ऑपरेटिव्हचे सचिव होते, आमच्या घरी जेवणाच्या ताटावर लोकशाहीच्या गप्पा चालायच्या. माझी पोर म्हणाली, "ममा, मामा इज सो इन्स्पायरिंग." मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

स्टेजवर सहकार दुप्पट करायचा आणि शनिवारी दुपारी हातातला एक गिळायचा. कुंपणानंच शेत खाल्लं ही म्हण तुला तिकडे इंग्रजीत सांगता येते का?

अण्णांचं नाव घेऊ नकोस. मिरजेच्या त्या सहकारी भांडारात काय झालं ते तुला माहीत आहे. आपल्या ताटावर कसली लोकशाही होती तेही माहीत आहे.

आणि नोटच्या शेवटी जे बोललास, "बाकीचे पाच फॉर्मही तूच पाठवलेस ना, मग आता कसली सोवळी होतेस", तो विषय वेगळा आहे. त्याबद्दल मी नंतर लिहीन.

ताई

&nbsp;

अल कुसैस,
८ ऑक्टोबर २०२५

प्रल्हाद,

तू उत्तर दिलं नाहीस. मीच पुढे लिहिते, कारण झोप लागत नाही आणि लागली तरी भिवा दिसतो.

आमच्या कोपऱ्यावर कोऑप आहे, सहकारी दुकान. भेंडी, दूध, सगळं तिथूनच आणते. सभासद इथले नागरिक, आम्ही गिऱ्हाईक. माझी तक्रार नाही, त्यांचा देश, त्यांचे नियम, खलास. पण परवा काउंटरवर उभी असताना मनात आलं, पंचवीस वर्षं झाली मला इथे. इथे मत नाही. मिरजेच्या मतदारयादीतून माझं नाव केव्हाच गेलं. साऱ्या पृथ्वीवर मला मत आहे ते एकाच ठिकाणी, लेस्टरमधल्या गळक्या छपराच्या वाचनालयात. तेही तू माझ्या वतीनं देऊन टाकलंस. हे श्रियाला सांगितलं तर ती म्हणाली, "देन जस्ट विथड्रॉ इट, ममा. व्हॉट्स द ड्रामा?" तिला काय सांगू?

तिला भिवा सांगावा लागेल. तुला सांगायची गरज नाही, तू दाराआड उभा होतास. तरी लिहिते. आजवर कुठे लिहिलं नाही.

१९९४. भांडाराची जागा बाजारपेठेत मोक्याची. अध्यक्षांच्या मेव्हण्याला ती हवी होती. सभा घ्यायची तर लोक नाही म्हणाले असते, म्हणून सभा झालीच नाही. अण्णा घरी इतिवृत्ताचं पुस्तक घेऊन आले आणि म्हणाले, "लते, तुझं अक्षर मोत्यासारखं आहे." मी एकवीस वर्षांची. स्वयंपाकघरात बसून लिहिलं: सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. मग हजेरीपटावर सह्या. अण्णा नावं वाचत होते आणि मी कधी डावीकडे झुकवून, कधी उजवीकडे, कधी खाली रेघ मारून सह्या करत होते. मला मजा वाटत होती रे! हे आजवर मी राजनना सांगितलेलं नाही. मजा वाटत होती.

भिवा भांडारातला मापाडी. सभासद क्रमांक एक्केचाळीस. महिन्याभरानं भांडाराला कुलूप लागलं, त्याचं काम गेलं, आणि कुणीतरी त्याला त्या हजेरीपटाची झेरॉक्स दाखवली. ती घेऊन तो आपल्या घरी आला. चिडला नव्हता. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्यानं कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "ताईसाहेब, ह्यातली माझी कुठली?" मी बोट ठेवलं. सुरेख सही होती, 'भि' ला वेलांटी अशी झोकदार. तो बघत राहिला. म्हणाला, "मला सही कवा याया लागली?"

भिवा अंगठा लावायचा. भांडारात सगळ्यांना ठाऊक होतं, अण्णांनाही ठाऊक होतं. घाईत विसरले.

अण्णा आतून म्हणाले, "सर्वानुमते झालंय भिवा, आता काय उपयोग?" तो गेला. पाणीसुद्धा प्यायला नाही. पुढच्या जूनमध्ये पुण्याच्या कॉलेजात तुझं इंजिनिअरिंगचं डोनेशन भरलं गेलं. कुठून आलं ते आपण दोघांनीही कधी विचारलं नाही. तुझी डिग्री, तुझं लेस्टर, तुझा बॅज. माझं लग्नही त्याच पैशांतलं.

तेव्हा सहकार तुझ्या रक्तात आहे म्हणालास ते खरंच आहे. मलाच तोंड नाही तुझ्यावर थुंकायला.

तरीही थुंकते.

ताई

&nbsp;

अल कुसैस,
१५ ऑक्टोबर २०२५, बुधवार

प्रल्हाद,

प्रॉक्सी मागे घ्यायची मुदत उद्या दुपारी दोनपर्यंत आहे. माझी मी काल मागे घेतली. रंभाबेनला माझी प्रॉक्सी नेमलं आणि 'विरोधात'च्या चौकटीत स्वतःच्या हातानं खूण केली.

आता ते पाच फॉर्म.

२०१९ साली इथल्या पाच जणांना मीच गळ घातली होती, माझ्या भावजयीचं वाचनालय आहे, एकेक शेअर घ्या. सव्वादोनशे दिरहम, म्हणजे तेव्हाचे सव्वाचार हजार रुपये, शुभ्राकडे बघून सगळ्यांनी दिले. आणि या गणपतीला ती माणसं दर्शनाला आली तेव्हा मी काय केलं? प्रसादाच्या वाटीबरोबर फॉर्म पुढे केला. "सही करा हो, नुसती फॉर्मॅलिटी आहे, भाऊच चेअरमन आहे." एका हातात मोदक, दुसऱ्या हातात पेन. कुणी वाचलं नाही, कुणी विचारलं नाही. अण्णांच्या वर एक पायरी गेले मी. त्यांनी निदान गणपतीला मध्ये आणलं नव्हतं.

तर गेले तीन दिवस ऑफिस सुटलं की मी उंबरे झिजवते आहे. पहिली शेजारची शहनाझ. रत्नागिरीची, तोंडाची फटकळ. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे तू मला मोदक चारून अंगठा घेतलास म्हण की!" मग नवीन फॉर्म ओढून घेतला आणि सतराही पानं वाचून, मला तासभर बसवून, मग सही केली. बरं वाटलं मला. निखिल आणि दिया बर दुबईला राहतात. ऑफिसातून अब्राच्या होडीनं खाडीपलीकडे गेले, पाण्यावर जरा वारं होतं, तेवढाच काय तो सुखाचा क्षण. निखिल हसला. "अहो काकू, पन्नास पौंडांसाठी एवढं काय? चिल." दिया मात्र म्हणाली, "काकू, तुम्ही असं करता?" तिच्या त्या 'तुम्ही'नं मी मेले. दोघांनी सह्या करून दिल्या. ऑफिसातल्या छायानंही सही केली. आज डबा खायला ती माझ्याबरोबर बसली नाही.

पाचवा सोमनाथ. तो अबुधाबीला समुद्रात तेलाच्या रिगवर आहे, चार-चार आठवडे येत नाही. फोन लागत नाही. काय करणार? त्याचा फॉर्म तसाच राहील.

काल रात्रीचा तुझा फोन. आधी तू रडलास, ते खरं होतं असं मी धरून चालते. ठराव पडला तर पार्टीत तुझी शोभा होईल, त्या गटातून काढतील, बिल्डरला शब्द दिलाय. मग म्हणालास, "ताई, नव्या बिल्डिंगमध्ये खालच्या खोलीला शुभ्राचं नाव देऊ. पितळी पाटी लावू."

मी फोन कापला तो रेंज गेली म्हणून नव्हे. मेलेल्या बायकोची पाटी लाच म्हणून देतोस? आणि कुणाला, जिनं तिची पाठ चोळून दिली त्या नणंदेला? किळस हा शब्दही कमी पडतो रे.

ताई

&nbsp;

अल कुसैस,
२० ऑक्टोबर २०२५

प्रल्हाद,

आज पहिली अंघोळ. उटणं लावून झालं, फराळाचं ताट मांडून झालं, श्रियानं बाल्कनीत दिव्यांची माळ सोडली. आता लिहायला बसले आहे. हे पत्र तुला मिळेल त्याआधी दुसरं एक गेलेलं असेल.

शनिवारी निकाल कळला. तुझा मेसेज आधी आला, नुसता अंगठा वर केलेला. मग रंभाबेनचा मेल. हजर आणि प्रॉक्सी धरून दोनशे मतं. बाजूनं दीडशे, विरोधात पन्नास. तीन चतुर्थांश हवे होते, ते बरोब्बर झाले. ठराव मंजूर. रंभाबेननं एका शब्दानं दोष दिला नाही. लिहिलं होतं, हीटरजवळची खुर्ची मी घरी नेऊ का, की तुमच्या भावाला हवी आहे?

राजन म्हणाले, "तू तुझ्याकडून केलंस, लतिका. आता सोड." रविवारभर मी सोडायचा प्रयत्न केला. चकल्या तळल्या. दोन घाणे करपले.

सोमनाथचा फोन लागत होता, प्रल्हाद. रिगवर वायफाय आहे, तो रोज बायकोला व्हिडिओ कॉल करतो. मीच लावला नाही.

तो गणपतीला आलाच नव्हता. पाच जणांत चार सह्या झाल्या, पाचवी राहिली, तू दोनदा विचारलंस, "ताई, पाचवा कुठाय?" २०१९ चा त्याचा शेअरचा अर्ज माझ्या फाइलमध्ये होता. त्यावरची सही बघून मी डायनिंग टेबलावर बसून केली. एका झटक्यात जमली. बावन्नाव्या वर्षीही हात तसाच चालतो. त्याला फोन केला असता तर आधी हे सांगावं लागलं असतं, की बाबा, जी सही मागे घ्यायची ती तू केलेलीच नाहीस. म्हणून रिग, म्हणून समुद्र, म्हणून फोन लागत नाही. तुला ते ठाऊक होतं का? नसावं. तुला फक्त कागद हवा होता. अण्णांनाही तेवढाच हवा असायचा.

दीडशेतलं एक मत माझ्या हातचं. ते काढलं की उरतात एकशे नव्याण्णव मतं, आणि त्यांत बाजूची एकशे एकोणपन्नास. एकशे नव्याण्णवचे तीन चतुर्थांश व्हायला दीडशे लागतात. ठराव पडतो.

आज सकाळी आधी सोमनाथला फोन केला. सांगितलं. मग म्हणाला, "वहिनी, मी तुम्हाला विचारून माझ्या पोरीची शाळा ठरवली होती." आणि ठेवला. यापुढे इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मला कुणी हिशेबाच्या टेबलावर बसवेल असं वाटत नाही. राजननाही सांगितलं, भिवासकट. ते पूजेचं सामान आणायला म्हणून मीना बाजारला गेलेत, अजून आले नाहीत.

मग रंभाबेनला पत्र लिहिलं. सोमनाथच्या फॉर्मवरची सही माझी आहे. बाकीच्या चार सह्याही मी कोऱ्या फॉर्मवर घेतल्या. चौकटी चेअरमननं भरल्या, माझी भरल्याचं त्यानं स्वतः कबूल केलंय, व्हॉइस नोट सोबत जोडली आहे. हो, जोडली. तुझं पुढे काय होईल मला माहीत नाही, आणि माझं काय होईल तेही नाही. छप्पर गळतंच राहील, तेही कबूल. पुन्हा सभा घ्या, दिवाळी झाल्यावर, आणि त्यात जो काय निकाल लागेल तो लागू दे. तू नीट उभा राहून छपराचं सांगितलंस तर मीसुद्धा कदाचित बाजूनं मत देईन.

तुला फराळाचं पार्सल गेल्या सोमवारीच पाठवलंय, ते खा. तिथे दुसरं कोण करून घालणार आहे तुला?

अर्ध्या तासात रंभाबेनचा फोन आला. रडत नव्हती, ओरडली नाही. सेक्रेटरीच्या आवाजात म्हणाली, हे पत्र इतिवृत्तात जाईल, सगळ्या सभासदांना वाचायला मिळेल, नियमच आहे. मग विचारलं, "लतिकाबेन, आखुं नाम लखुं?"

म्हटलं, पूर्ण लिहा. लतिका राजन तांबवेकर, सभासद क्रमांक दोनशे बारा.

ताई